डाव्या पायाची पारख

कामोठ्यात सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान तुमच्या पुढची छोटी पांढरी गाडी भर रस्त्यात आचके देत बंद पडली, तर गप्प बसा. आत जगताप मॅडम असतील. एकदा एका गृहस्थाला घाई झाली आणि त्याने मागून आरडाओरडा केला. मॅडम शांतपणे उतरल्या, त्याच्या खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही काय आईच्या पोटातूनच लायसन घेऊन आला होता?" त्या गृहस्थाची बायको पुढच्याच महिन्यात मॅडमकडे शिकायला आली, यावरून काय ते समजा.

संध्या जगताप यांचं वय बावन्न, उंची जेमतेम पाच फूट, आणि ड्रायव्हिंग स्कूलची एकूण मालमत्ता म्हणजे एक गाडी, एक टेबल आणि भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा एक तक्ता. वडील मूळचे जावळीकडचे, एपीएमसी मार्केटात माथाडी. त्यांचा डबा घेऊन संध्या रोज कांद्याच्या गाळ्यावर जायची. तिथल्याच एका टेम्पोवाल्याने एकोणिसाव्या वर्षी तिला गंमत म्हणून स्टिअरिंगवर बसवलं. पाय पेडलपर्यंत पोचेनात, म्हणून पाठीशी बारदानाची घडी लावून दिली. गंमत त्याची झाली आणि नाद हिला लागला. वर्षभरात भरलेला टेम्पो चढावर थांबवून, तसूभरही मागे न सरकू देता ती पुढे काढायला लागली. बापाने आधी कपाळाला हात लावला आणि मग सगळ्या टोळीला स्वतःच्या खर्चाने चहा पाजला.

लग्न झालं भगवानरावांशी. ते महाप्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. बायकोने चार वेळा शिकवूनही त्यांना गाडी येत नाही. "दिव्याखाली अंधार," असं मॅडम चारचौघांत सांगतात आणि भगवानराव मागच्या सीटवर बसून मनापासून हसतात. असा नवरा मिळायलाही नशीब लागतं.

शिकवणीच्या गाडीत मॅडमच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणाऱ्याने पेडल दाबलं की मॅडमच्या पायाखालचं पेडलही हलतं. तेवीस वर्षं त्यांचा डावा पाय असा दुसऱ्याच्या पायाशी बांधलेला आहे. कोण घाबरलंय, कोण घरी भांडून आलंय, कोणाला स्वतःबद्दल जरा जास्तच खात्री आहे, हे त्यांना तळपायाला कळतं. तोंडाने माणूस काहीही सांगेल, क्लचवरचा पाय खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत आहे. मला ते पटतं.

या पायाने ज्यांना ओळखलं त्यांतली सगळ्यात लाडकी म्हणजे रंजिता. माहेर पेणचं, आणि सासर कामोठ्याला खेटून असलेल्या जुन्या गावातलं. दोन वर्षांपूर्वी ती शिकायला आली तेव्हा पहिल्या दिवशी स्टिअरिंगला धरून रडली. विसाव्या दिवशी खारघरच्या डोंगराकडे जाणाऱ्या चढावर तिने गाडी थांबवली, मागे एक बस येऊन चिकटली, तरी हिने गाडी जरासुद्धा मागे न जाऊ देता पुढे नेली. मॅडमने त्या दिवशी तिला मसाला दूध पाजलं. एरवी त्या विद्यार्थ्यांना पाणीसुद्धा विचारत नाहीत.

पुढे रंजिताच्या नवऱ्याने, रूपेशने, एक गाडी घेतली. रूपेशचा रेती-विटांचा पुरवठ्याचा धंदा, आणि जमिनीच्या जागी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगचं भाडं. हौस दांडगी. गाडी परदेशी बनावटीची, सेकंडहँड, लालभडक, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, छत बटणावर उघडणारी. आणि मुख्य म्हणजे हाताने गिअर टाकायची. गावात तिला सगळे 'लाल परी' म्हणायचे. रंजिताने ती पेणला माहेरी नेली आणि वाटेतून मॅडमला फोटो पाठवला. मॅडमने तो फोटो भगवानरावांना पाच वेळा दाखवला.

आणि त्याच रंजिताला एका सकाळी मॅडमने भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन रिक्षाची वाट बघताना पाहिलं.

"अगं, परी कुठाय?"

"मी चालवत नाही आता, ताई." रंजिताने नजर चुकवली. "क्लच गेला. माझ्यामुळेच."

मॅडमने तिला गाडीत घातलं, स्टिअरिंगवरच्या शिकाऊ पोराला मागे पाठवलं आणि सगळं काढून घेतलं. दोन महिन्यांपूर्वी गाडी ओढेनाशी झाली. इंजिन ओरडतं, काटा वर जातो, गाडी मात्र जागची हलायला मागत नाही. घरात आणि गावात एकच निदान झालं: बायको शिकली ना त्या गाडीवर! सासरे म्हणाले, बाईमाणसाचा पाय. नवरा किल्ली आपल्या खिशात ठेवायला लागला. आता गाडी दुरुस्त झाली तरी तिला ती मिळणार नव्हती, हे न बोलताच ठरून गेलं होतं.

"आणि तुला काय वाटतं?" मॅडमने विचारलं.

"सगळेच म्हणतात म्हणजे असेल, ताई."

हे वाक्य मॅडमला डाचलं. क्लचचं काय, नवा बसवता येतो. पण चढावर बससमोर गाडी काढणारी पोरगी 'सगळे म्हणतात म्हणजे असेल' म्हणायला लागली, तर आपण तेवीस वर्षं काय कांदे विकले? मॅडम संतापल्या. त्यांना राग आला की त्या हळू बोलतात. "रविवारी येते मी," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मागचा शिकाऊ पोरगा सावरून बसला.

रविवारी सकाळी त्या गावात हजर. घर तीन मजली, पुढे ओटी, ओटीवर झोपाळा, झोपाळ्यावर रंजिताचे सासरे पंढरीशेठ. शेठ आता, तरुणपणी हे शहर उभं राहत होतं तेव्हा दहा वर्षं भरावाचे डंपर चालवलेले.

"बाय, तुमी कशाला तरास घेतला?" ते म्हणाले. "आमचे घरान सगल्यांना ठावं हाय. नवीन पोरीचे हातान गारी गेली, क्लच खल्लास. धा वरसा डंपर चालवलाय मी. मना कलतं."

"कळत असेलच," मॅडम म्हणाल्या. "पण मी मास्तरीण आहे. माझ्या विद्यार्थ्याला नापास करायचं तर पेपर मी तपासणार."

पंढरीशेठना हे आवडलं. त्यांनी झोपाळा थांबवला.

रूपेशने गाडी बाहेर काढली. मॅडम आत बसल्या, म्हणजे जवळजवळ पाटावर बसावं तशा खाली गेल्या. इंजिन सुरू करायची त्यांना घाई नव्हती. आधी पायाखालची चटई काढून बाहेर टाकली. जाड चटई पेडलखाली अडकली की पेडल पूर्ण वर येत नाही आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. कित्येकांचा क्लच केवळ चटईने खाल्लेला त्यांनी पाहिला होता. चटई निर्दोष निघाली. मग हाताने पेडल दाबून पाहिलं, सुरुवातीची थोडी मोकळी चाल होती, ठीक. बॉनेट उघडून क्लचच्या तेलाची पातळी बघितली, ठीक. मग साडीचा पदर खोचून चक्क जमिनीवर आडव्या झाल्या आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी बोट फिरवलं. इंजिनचं तेल गळून क्लचच्या आतल्या प्लेटवर गेलं तरी क्लच घसरतो. बोट कोरडं आलं. तोवर गल्लीत वीसएक माणसं जमली होती. पाच फुटांची बाई लाल परीखाली, हे दृश्य गावाला काही रोज मिळत नाही.

मग त्यांनी इंजिन सुरू केलं, हँडब्रेक घट्ट ओढला, चौथा गिअर टाकला आणि थोडा रेस देऊन क्लच सोडला.

"आता नीट क्लच असेल तर गाडी काय करेल, शेठ?"

"जागेव बंद परंल," डंपरवाल्याने बरोबर उत्तर दिलं.

गाडी बंद पडली नाही. क्लच पुरता सोडलेला, ब्रेक लागलेला, आणि इंजिन आपलं घुरघुरत चालूच. मॅडमने लगेच चावी फिरवून ते बंद केलं. ही परीक्षा एकदाच घ्यायची, पुन्हा पुन्हा घेतली तर परीक्षेतच पोर मरतं.

"म्हणजे क्लचच घसरतोय, इंजिन ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "प्लेट इंजिनला धरायला बघते आणि धरता येत नाही. इथपर्यंत तुमचं बरोबर, शेठ. आता तो घसरायला लागला कशाने, ते बघू. रूपेश, बस शेजारी."

रंजिता दाराशी उभी होती. तिचा चेहरा आणखीच पडला होता, कारण पहिला निकाल तिच्या विरुद्ध गेल्यासारखाच होता. मॅडमने तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काहीतरी दिलासा द्यावा लागला असता, आणि खात्री नसताना दिलासा देणं त्यांना जमत नाही.

खारघरच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी चाळीसच्या वेगात चौथा गिअर टाकला आणि अॅक्सिलरेटर खालपर्यंत दाबला. इंजिनने गर्जना केली, काटा सणकन वर गेला, गाडी मात्र लग्नघरातल्या म्हातारीसारखी आपल्याच चालीने निघाली. चढ लागला तसा जळका वास सुटला.

"आता सांग," मॅडम म्हणाल्या. "रंजिता चालवते तेव्हा काय होतं?"

"सुरवातीला बंद पडायची ना तिच्याकडनं. झटके पन द्यायची."

"बंद पडायची. म्हणजे ती क्लच पटकन सोडायची. अरे, बंद पडलेल्या गाडीचा क्लच जळत नाही. हसं होतं फक्त. क्लच जळतो तो अर्ध्यावर धरून ठेवला की. धड दाबलेला नाही, धड सोडलेला नाही, प्लेट नुसती घासत राहते. तिला मी पहिल्या दिवसापासून सवय लावलीय, गिअर टाकला की पाय बाजूला, जमिनीवर. हा अर्धा पाय तिचा नाही. कोणाचा आहे?"

"माझा पन नाय, मॅडम! आईशप्पथ. मी हायवेला काढतो, मस्त चालवतो."

तो खरं बोलत होता. मॅडमला तेवढं कळतं. त्या विचारात पडल्या. वास आता नाकात जात होता. "छत उघड रे, गुदमरायला झालं," त्या म्हणाल्या.

रूपेशने बटण दाबलं. मागचं झाकण वर उचललं गेलं, छत घडी होत होत मागे निघालं, आणि मागच्या खाचेतून, वाऱ्याच्या झोतासरशी, हळदीकुंकवाने रंगलेले तांदूळ, झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या आणि चंदेरी कागदाचे मूठभर तुकडे दोघांच्या डोक्यावर उधळले गेले. भर रस्त्यात, भर उन्हात, मॅडम आणि रूपेश अक्षतांनी न्हाऊन निघाले.

मॅडमने गाडी कडेला घेतली. केसांतला एक तांदूळ काढून त्याच्यासमोर धरला. "हे काय?"

"वरातीचं असंल," रूपेश म्हणाला. "गावात कोनाचं पन लगीन असलं की परी लागते. नवरा-नवरी मागं वर बसतात, छत उघडून. भावकीत नाय कसं बोलनार?"

"या सीझनला किती झाल्या?"

त्याने बोटं मोजली. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली, मग पुन्हा पहिलीवर आला. "अकरा."

"एका वरातीला वेळ किती?"

"बँडवाल्यांवर हाय. तीन तास, चार तास."

"आणि अंतर?"

"देवळापासून मांडवापर्यंत. अर्धा किलोमीटर असंल."

"चालवतं कोण?"

"मीच! दुसऱ्याच्या हातात देतच नाय." हे त्याने अभिमानाने सांगितलं. "लई जपून चालवतो, मॅडम. पब्लिक नाचतं ना पुढं, मग जरा सोड, जरा दाब, जरा सोड, जरा दाब. मागं नवरीबाई वर बसलेली. झटका बसून चालंल का?"

बोलता बोलता त्याचा डावा पाय हवेत तो सगळा अर्धा क्लच करून दाखवत होता. मॅडम त्या पायाकडे बघत राहिल्या.

"अरे बाबा, मघाशी मी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंस?"

"तुमी चालवायचं विचारलं ना," रूपेश निरागसपणे म्हणाला. "वरातीत गाडी चालते कुठं? ती तर उभीच असते."

यावर जगताप मॅडम हसायला लागल्या. पोट धरून, स्टिअरिंगवर डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांच्या हसण्यात पोरगी सुटल्याचा आनंद होता. रूपेश आधी बावरला, मग त्याने आपल्या पायाकडे पाहिलं, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

गाडी कळंबोलीला झहूरभाईंच्या गॅरेजात गेली. झहूरभाई तळोज्याचे, मॅडमच्या शिकवणीच्या गाडीचे क्लच तेच बदलतात, त्यामुळे नवशिक्यांच्या प्लेटी त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या. दोन दिवसांनी गिअरबॉक्स खाली उतरला. झहूरभाईंनी प्लेट हातात घेतली, आधी हुंगली, मग पुसली. रिव्हेटपर्यंत झिजलेली आणि वरून काचेसारखी चकचकीत. तिला दाबून धरणाऱ्या लोखंडी तबकडीवर निळेजांभळे डाग पडले होते.

"मॅडम, ह्यो शिकाऊ मानसाचा काम नाय," ते म्हणाले. "लोखंड निळा परला म्हंजे तासन्‌तास तापलाय. बिर्याणीला दम देतात तसा दम दिलाय कोनी तरी."

रूपेशने त्या निळ्या डागांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "मॅडम, झहूरचाचा... घरी नका सांगू. किल्ली देतो मी तिला नंतर. असंच. आपोआप."

मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "दोन महिने ती पोरगी पिशव्या उचलून रिक्षाने फिरतेय. सगळ्या गावासमोर तिचं नाव घेतलंत आणि सोडवायचं मात्र कोपऱ्यात? मी एक अक्षर बोलणार नाही, रूपेश. तू बोलायचंस." जुनी प्लेट त्यांनी वर्तमानपत्रात बांधून त्याच्या हातात दिली. ती काही देवाला वाहायची नव्हती, पण त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

तीन दिवस काहीच बातमी नाही. मॅडमचं शिकवण्यात लक्ष लागेना. एकाला त्यांनी डावीकडे वळ सांगून स्वतःच उजवीकडे हात दाखवला. भगवानराव म्हणाले, "फोन कर ना सरळ." त्या म्हणाल्या, "नाही. शब्द दिलाय." आणि फोन घेऊन गॅलरीत फेऱ्या मारत राहिल्या.

चौथ्या दिवशी रंजिताचाच फोन आला. ती हसत होती की रडत होती, पहिली दोन मिनिटं कळेना. रूपेशचा चुलतभाऊ तेजस लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. पंढरीशेठनी त्याला शब्द देऊन टाकला, वरातीला परी हाय, टेन्शन नाय. तेव्हा रूपेश उठला, गाडीच्या डिकीतून पुडकं घेऊन आला आणि सगळ्यांसमोर ओटीवर सोडलं.

"म्हणाला, ही मी जाळली. अकरा वरातीत. रंजितानं नाय." रंजिताने ते वाक्य दोनदा सांगितलं. "आणि ताई, मामंजींनी प्लेट उचलली, उलटी-सुलटी करून बघितली. मग म्हणाले, मी कसला डंपरवाला? वरातीन गारी उभीच असते, असा मी पन समजलू."

"किल्ली?" मॅडमने विचारलं.

"किल्ली देवघरात ठेवलीय. कोणीच उचलत नाही. तेजसला आता नाही म्हणता येत नाही, आणि वरातीत नेली की नवा क्लच पण जाणार. सगळे तुम्हालाच विचारायला सांगतायत."

मॅडमने क्षणभर विचार केला. "इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेक हलके राहतील. गिअर न्यूट्रल. आणि गाडी मागून माणसांनी ढकलायची. क्लचला हात लावायचा, म्हणजे पाय लावायचाच नाही. गावात ढकलायला माणसं आहेत ना?"

"गर्दीच आहे."

"मग स्टिअरिंगवर असं माणूस हवं की ज्याला पाय आवरता येतो," मॅडम म्हणाल्या, आणि पुढचं नाव न घेता फोन ठेवला.

लग्नाच्या रविवारी ऊन कलताना देवळासमोर बँड उभा राहिला. मॅडम आणि भगवानराव आमंत्रणावरून आले होते, भगवानराव तर पहिल्याच ठेक्याला नाचणाऱ्यांत हरवले. लाल परीचं छत उघडलेलं, मागे वर तेजस आणि त्याची नवरी, फुलांच्या माळा, आणि स्टिअरिंगवर हिरव्या पैठणीतली रंजिता. पाय अनवाणी. डावा पाय बाजूला, जमिनीवर, अगदी शिकवल्यासारखा. मागे रूपेश आणि त्याचे सहा भाऊबंद सफारीच्या बाह्या दुमडून गाडी ढकलत होते. पब्लिक थांबलं की ते थांबत, नाचत, पुन्हा ढकलत. रूपेशचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो हसत होता. इतकी मजा त्याला आतापर्यंतच्या अकरा वरातींत आली नव्हती. तेव्हा तो एकटाच बसलेला असायचा.

नवरीकडचे एक पाहुणे उरणचे. त्यांनी हा प्रकार बराच वेळ न्याहाळला आणि पंढरीशेठच्या कानाशी ओरडून विचारलं, "शेठ, बाई ड्रायव्हर कुठशी आनली?"

नेमकं तेव्हाच बँडवाल्यांचं एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायचं होतं. पंढरीशेठ मात्र बँड चालूच आहे अशा हिशोबाने ओरडले, आणि ते सगळ्या गावाने ऐकलं.

"ड्रायव्हर नाय, सून हाय माजी! ड्रायव्हर त्यो बघा मागं, ढकलतंय!"

गाव हसलं. रूपेशने गाडीवरचा एक हात उचलून, हो, मीच तो, असा सगळ्यांना दाखवला. रंजिताने मान वळवून सासऱ्यांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायला तिने पदर उचलला. गाडी पुढे सरकतच होती.

गर्दीतून जगताप मॅडमचा आवाज आला, "रंजिता, समोर बघ!"